पाऊण मिनिटातली बाई

मिऱ्याच्या वाटेवरच्या खारवी वाडीत हौसा भांडायला उठली की मिरकरवाड्याच्या बंदरावर कळतं, असं लोक म्हणत. म्हणणारे तिच्यापासून चार हात लांब उभे राहून म्हणत. बाई उंच, हाडापेरानं मोठी, बावन्न वर्षांची. पहाटे बंदरावरून मासळी उचलायची, पाटी डोक्यावर घ्यायची आणि रत्नागिरीच्या आळ्या दुपारपर्यंत पालथ्या घालायच्या, हा तिचा पंचवीस वर्षांचा नेम. कुणा गिऱ्हाइकानं बांगड्याच्या पोटात बोट खुपसलं की ती म्हणायची, "बोट लावून काय बगतंस? घरी नवऱ्याला लाव, तो ताजा हाय का शिळा ता तरी कळंल." तरी तिच्या पाटीत सहसा काही उरत नसे, कारण मासळी तिची खरी असे.

नवरा गेला तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. मूल नव्हतं. धाकटा दीर सखाराम, त्याची बायको बकुळा आणि ती, असं घर होतं. सहासष्ट सालच्या पावसाळ्यात बकुळा बाळंतपणात गेली. चार दिवसांची मुलगी मागे राहिली, ती कमळा. शेळीचं दूध कापसाच्या बोळ्यानं पाजून हौसानं तिला जगवली. कमळी सहा वर्षांची झाल्यावर सखारामनं सोनूबाईला आणलं, आणि त्या दिवसापासून एका छपराखाली दोन चुली झाल्या. सोनूबाईचं तोंड हौसासारखं सुटलेलं नव्हतं. ती हळू बोलायची आणि बोललेलं करून दाखवायची.

कमळीनं आपल्या आईला कधीच पाहिलं नव्हतं. बकुळाचा फोटो नव्हता. त्या काळी वाडीत कुणी बायकांचे फोटो काढीत नसत. कमळी लहानपणी विचारायची, "काकी, माजी आई दिसायला कशी होती?" हौसा सांगायची, "तुज्यासारखीच. पण तिला कामाचा कंटाळा नव्हता." एवढ्यावर ते संपायचं.

कमळीचं लग्न ११ मे १९८६ला, रविवारी, गोरज मुहूर्तावर ठरलं. मुलगा मांडवीचा, लाँचवर कामाला. मुलाची आई ठमाबाई आधीच बजावून गेली होती, की माझा एकुलता एक मुलगा आहे, मंगलाष्टकं चालू असताना रांडवबाई नजरेसमोर नको. आमच्यात चालत नाही. सोनूबाई लगेच म्हणाली, "थोरल्या जाऊबाई त्या दिवशी जयगडला माहेरी असतील." हौसा माजघराच्या दाराआडून ऐकत होती. तिनं सोनूबाईला चुलीपाशी गाठलं.

"मी वाढवली तिला. मी जयगडला जायचं?"

"जाऊ नका तर. पण दिसू नका," सोनूबाई म्हणाली. "त्यांनी नारळ परत धाडला तर कमळीला पुन्हा कोण विचारील?"

हौसानं तिला शिव्या घातल्या, पण ऐकलं. लग्नाच्या संध्याकाळी ती मागीलदारी, जेवणाची भांडी चढवली होती तिथं, माडाच्या झापांच्या कुडामागे उभी राहिली. नेसली होती फिकं आबोली लुगडं, ठेवणीतलं. कुडाला एक फट होती. फटीतून मांडव दिसत होता आणि अंतरपाटाच्या कडेला कमळीचं अर्धं डोकं. मुठीत अक्षता होत्या. दुपारी भटजींच्या ताटातून तिनं त्या न विचारता उचलल्या होत्या.

सखारामचा मेहुणा मुंबईला गोदीत होता. त्यानं हट्टानं व्हिडिओ शूटिंग ठरवलं होतं. वाडीतलं ते पहिलंच. शूटिंगला रत्नागिरीचा रघू आला होता. खांद्यावर कॅमेरा, कमरेला पट्ट्यानं बांधलेलं टेप, आणि एक माणूस मागून प्रखर दिवा धरून चालणारा. मंगलाष्टकं सुरू झाली आणि रघूला वाटलं, वेळ आहे, तोवर मागची जेवणाची तयारी घ्यावी. तो वळून मागीलदारी आला. दिव्याची वायर चुलवणाच्या दगडात अडकली. दिवेवाला पडला, त्याला अडखळून रघू पडला, आवाजाची वायर उपटली गेली. कॅमेरा आडवा पडला तरी चालूच राहिला.

त्याच क्षणी मांडवात शेवटचं "सावधान" झालं. हौसानं हात वर केला, कुडावरून अक्षता टाकल्या आणि पायाशी येऊन पडलेल्या रघूला तोंडभरून शिव्या दिल्या, कारण त्याच्या दिव्यानं ती उघडी पडली होती. मग ती मागच्या माडांत निघून गेली. वऱ्हाडातल्या कुणी तिला पाहिलं नाही. लग्न नीट झालं.

जूनमध्ये कॅसेट आली. वाडीतली सगळी माणसं सखारामच्या पडवीत भाड्याच्या टीव्हीसमोर बसली. हौसा त्या दिवशी सुकी मासळी घेऊन लांज्याच्या बाजाराला गेली होती. ती परतली तेव्हा लग्नाचं कुणी बोलत नव्हतं. सगळे एकाच गोष्टीचं बोलत होते.

मंगलाष्टकं, मांडव, भांडी, आणि मग एकदम चित्र गरगरलं. जमीन, आभाळ, कुणाचा तरी पाय. आवाज बंद. पडलेला दिवा खालून वर उजेड फेकत होता, आणि त्या उजेडात झापांच्या वर एक पांढरी बाई उभी होती. लुगडं पांढरं, चेहरा पांढरा, डोळ्यांच्या जागी खड्डे. तोंड उघडत मिटत होतं, पण आवाज नव्हता. तिनं एक हात उचलला, बोटं उघडली, आणि हातातून काहीतरी चमकत पडलं. मग ती मागे सरकली आणि नाहीशी झाली. पाऊण मिनिट, त्याहून जास्त नाही.

पहिल्यांदा बोलली ती एक म्हातारी शेजारीण. "बकुळा गो ही," ती म्हणाली. "पोरीच्या लग्नाला आली."

बाळंतपणात मेलेली बाई अळवंतीण होते हे वाडीत कुणाला सांगावं लागत नसे. पडवीतल्या बायका रडायला लागल्या. सखाराम खाली मान घालून बसला. सोनूबाईनं पडद्याकडे पाहिलं, ती कोण हे तिला त्याच क्षणी कळलं, आणि ती पदर तोंडाला लावून इतर बायकांबरोबर रडली. ठमाबाईची पुतणी तिथंच बसली होती. मांडवीला बकुळेचीच बातमी जावी, हे सोनूबाईनं तेवढ्यात ठरवून टाकलं. भुताला नारळ देऊन गप्प बसवता येतं, ठमाबाईला नाही.

एस.टी. स्टँडच्या मागे रघूचं व्हिडिओ सेंटर होतं. चार बाकं, खिडक्यांना गोणपाट, एक रंगीत टीव्ही. त्यानं कॅसेटची एक प्रत स्वतःकडे ठेवली होती. जुलैपासून तो हिंदी सिनेमा संपला की ती पाऊण मिनिटं दाखवू लागला. महिन्याभरात लोक सिनेमा सोडून तेवढ्यासाठी यायला लागले. भर पावसात चिखल तुडवत खेड-चिपळूणहून पाहुणे आणून दाखवत. शुक्रवारी दुपारी बायकांचा वेगळा खेळ असे.

तसे भुतांचे सिनेमे लोकांनी पाहिले होते, आणि पाहताना भजी खाल्ली होती, शिट्ट्या मारल्या होत्या. ह्या पाऊण मिनिटाला कुणी खोकतही नसे. सिनेमातलं भूत यायच्या आधी वाजवून सांगतं. इथं कुणी वाजवत नव्हतं. कॅमेरा पडला होता, आणि कोण मुद्दाम कॅमेरा पाडतं? चित्र वाकडं होतं, म्हणून ते खरं होतं. वर पुन्हा ते चुलवण ओळखीचं, तो कुड ओळखीचा, पुढे वाढायला वाकलेला माणूस आपला शेजारी. घाबरायला लांब कुठल्या हवेलीत जायला नको. बघणारा घरी जाई तो मागच्या दाराला कडी घालूनच आत बसे, आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा येई.

हौसाला हे सगळं कळत होतं. मासळी घेताना बायका तिलाच सांगत. "तुज्या जावेला बगितलंस काय गो?" ती म्हणे, "माजी जाऊ घरात हाय, जिवंत. ती पुरे हाय मला." ती मी होते, असं ती म्हणाली नाही. म्हटलं की सोनूबाईचं खोटं उघडं पडणार, आणि ठमाबाई ते कमळीच्या अंगावर काढणार. लोकांना काय बघायचं ते बघू दे, असं तिनं ठरवलं. हे ठरवणं चुकलं.

कमळी शुक्रवारच्या खेळाला नणंदेबरोबर गेली, आणि मग पुन्हा गेली. पाच शुक्रवार ती पहिल्या बाकावर बसली. ऑगस्टमध्ये तिला दिवस राहिल्याचं कळलं. तिला उलट्या होत होत्या, जेवण जात नव्हतं, आणि शुक्रवारी पाय सेंटरकडे वळत होते. ठमाबाईनं सगळ्याचा मेळ घातला. अळवंतीण गरोदर बाईला सोडत नाही. आणि ही तर आई, लेकीला बरोबर घेऊन जाणार. तिनं बाबल्या भगताला बोलावलं. श्रावणाच्या अमावास्येला ऐन दुपारी बारा वाजता तो येणार होता. मिरच्यांची धुरी द्यायची, आणि धुरीनं सुटली नाही तर वेताची छडी.

हे हौसाला त्याच नणंदेनं सांगितलं, मांडवीच्या आळीत, सोड्यांचा वाटा घेताना. सहज सांगितलं. हौसानं वाटा तिच्या हातातून परत घेतला.

"कुणाला छडी?"

"वयनीला. तिला न्हाय लागत, आतलीला लागते."

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. हौसा आयुष्यात पहिल्यांदा रघूच्या सेंटरवर गेली. तिनं अजून ती कॅसेट पाहिली नव्हती. बायकांनी बाकं दाटून भरली होती. ती मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली. रघूनं तिला ओळखलं आणि तो गोणपाटाच्या आड सरकला.

चित्र गरगरलं. झापांच्या वर बाई उभी राहिली. ही आपण आहोत हे ठाऊक असूनही तिला वाटलं, ही आपण नव्हे. ह्या बाईचं तोंड चालत होतं आणि त्यातून काही येत नव्हतं. हिला बघणारं जगात कुणी नव्हतं आणि हिला ते कळलेलं होतं. पाऊण मिनिट संपलं तेव्हा हौसाच्या मनात आलं, पुन्हा एकदा दाखवावं. तिला स्वतःचाच राग आला. ती बायकांच्या मधून पुढे गेली आणि टीव्हीच्या बाजूला उभी राहिली.

"ती मी होतंय," ती म्हणाली.

मग मागून एकजण म्हणाली, "बस खाली, दिसत नाय."

"दिसायला काय ऱ्हायलंय? भूत न्हाय ता. मी हाय. रघ्या, परत लाव. हात बगा तिचा. अक्षता टाकतेय. मेलेली बाई अक्षता खयसून आणील?"

रघू म्हणाला, "हौसाकाकी, धंद्याच्या टायमाला नको."

"तुज्या धंद्याला लागली आग. माज्या पायाशी पडलास तेव्हा मी तुला काय काय म्हटलं, ता सांग सगळ्यांना."

"आवाज नाय त्यात," रघू म्हणाला. ते खरंच होतं.

त्यानं पुन्हा लावलं. बायकांनी पाहिलं. अक्षता पडताना दिसल्या आणि पहिल्या बाकावरची एक बाई हुंदका देऊन म्हणाली, "बगा, आईच ती. लेकीला अक्षता टाकायला आली." सगळ्या बाकांवर पदर डोळ्यांना गेले. हौसानं पुरावा म्हणून जे दाखवलं होतं, तेच त्यांनी उचललं आणि भुताच्या पदरात घातलं.

"अगो, माजं तोंड बगा. माजं नाक बगा."

"तू एवडी गोरी कदी झालीस गो?" कुणीतरी म्हणालं, आणि रडणाऱ्या बायका हसल्या. हौसा बोलतच राहिली तेव्हा हसू थांबलं. एकीनं तिच्या दंडाला धरून ओढलं. दुसरी म्हणाली, जिवंतपणी बकुळेचा संसार हिला बघवला नाही, आता मेल्यावर तिचं येणंही हिला बघवत नाही. हौसानं तिला जे उत्तर दिलं ते कागदावर लिहिण्यासारखं नाही. तिला दाराबाहेर काढलं आणि आतून कडी लागली.

ती तशीच घरी गेली, आबोली लुगडं नेसली आणि चालत मांडवीला ठमाबाईच्या अंगणात येऊन बसली. ठमाबाई सुपात तांदूळ निवडत होती. तिनं वर पाहिलं.

"ह्या लुगड्यात बगा मला. लग्नात कुडामागं मी होतंय. मी कंदी पांढरं नेसत न्हाय. दिव्यानं पांढरं दिसलं."

ठमाबाई म्हणाली, "तू जयगडला होतीस. सोनूबाईनं देवाशपथ सांगितलं."

"तर बोलवा तिला. माज्या समोर घेऊ दे शपथ. सखारामला पण बोलवा."

ठमाबाईनं बोलावणं धाडलं. ते दोघं येईपर्यंत तासभर दोघी बायका अंगणात बसल्या होत्या. ठमाबाईनं पाणी विचारलं नाही आणि हौसानं मागितलं नाही. कमळी आतल्या दाराशी उभी होती, भिंतीला धरून, गालफडं बसलेली. हौसानं एकदाच तिच्याकडे पाहिलं.

सोनूबाई आली आणि हळू आवाजात म्हणाली, "जाऊबाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय. त्या जयगडलाच होत्या." मग ती नवऱ्याकडे वळली. "सांगा तुमी."

सखाराम अंगणातल्या तुळशीकडे बघू लागला. बायकांच्या भांडणात तो कधी पडला नव्हता, आणि त्यामुळेच दोन्ही चुली चालल्या होत्या.

"छडी लागंल पोरीला," हौसा त्याला म्हणाली. "पोटात मूल हाय तिच्या. बकुळा कशी गेली ता तू बगितलंयस."

"वयनीच होती ती," सखाराम म्हणाला. "मी पयल्या दिवशीच ओळखलं. हात तिचा. ती तशीच पाटी उचलते."

सोनूबाईनं नवऱ्याकडे पाठ केली. हौसाला म्हणाली, "तुमी गप्प बसला असतात तर एक नारळ, चार छड्या, आणि भूत आपलं आपण गेलं असतं. आता ह्ये कधी जायचं न्हाय."

"ह्ये" म्हणजे काय ते लगेच कळलं. ठमाबाईनं सूप खाली ठेवलं. रांडवबाईची सावली मंगलाष्टकात पडली, तिच्या हातच्या अक्षता माझ्या मुलाच्या डोक्यावर पडल्या, आणि वर देवाशपथ खोटं सांगून माझं घर फसवलं, असं ती एकेक शब्द मोजत बोलली. सखारामनं हात जोडले. तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"भगताला निरोप धाडते, येऊ नको म्हणून," ती हौसाला म्हणाली. "आणि तू पण येऊ नकोस. ह्या आळीत मासळी घेऊन फिरायचं न्हाय. बाळंतपणाला पोर माहेरी जाणार न्हाय. तू तिच्या नजरेला पडायचं न्हाय."

"छडी न्हाय?"

"न्हाय म्हटलं ना."

"धुरी?"

"काय न्हाय. ऊठ आता."

हौसा उठली. एवढं स्वस्तात मिळेल असं तिला वाटलं नव्हतं. सोनूबाई आणि सखाराम पुढे निघाले होते. ती फाटकापाशी पोचली तेव्हा मागून कमळी आली. ठमाबाईनं हाक मारली, पण ती थांबली नाही.

"ती तूच होतीस?" कमळीनं विचारलं.

"मीच."

"खोटं न्हाय ना सांगत? मला सोडवायला?"

हौसाला त्यात एक वाट दिसली. हो, खोटंच सांगते, असं म्हटलं असतं तर पोरीला तिची आई उरली असती. पण पोर ते पोटात ठेवणार नाही, उद्या नणंदेला सांगेल, आणि परवा भगत दारात. "मीच होतंय," ती म्हणाली. "तुज्या गेलेल्या काकाच्या शपथेनं."

"दोन छड्या खाल्ल्या असत्या मी," कमळी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, सोनूबाईसारखा हळू होता. "तुला कोण विचारायला आलं होतं? पाच वेळा बगितलं मी तिला. माज्याकडंच बगत होती."

"मीच बगत होतंय गो तुज्याकडं."

"तू रोजच बगायचीस," कमळी म्हणाली.

तिनं फाटक ओढून घेतलं आणि आतून आकडा घातला. हौसा आळीतून चालू लागली. कोपऱ्यावरच्या घरातली बाई ओट्यावर येऊन म्हणाली, "काय गो हौसा, आज पाटी न्हाय ती?"

"घरात जा," हौसा म्हणाली.